गिरिजाबाईंच्या पुण्यतिथीचा शिरा

(१९९७. बदनापूरजवळचा एक वृद्धाश्रम. बायकांची खोली. बाहेर व्हरांड्यात दुपारची पंगत मांडली जात आहे.)

प्रभावती : ताप नाही, काही नाही. मग गोधडी कशाला ओढलीत तोंडावरून?

गोजरबाई : हळू बोला, सिस्टर. दार लावा आधी. बद्री आलाय.

प्रभावती : कोण बद्री?

गोजरबाई : बद्रीनाथ. आमच्या गल्लीतला, भावकीतलाच. नवीन जालन्यात बियाण्याचं दुकान टाकलंय. आजचं जेवण त्याच्याकडून हाय म्हन्तेत. मला काय ठावं!

प्रभावती : मग भेटा की. गावचं माणूस.

गोजरबाई : भेटा! अख्ख्या गावाला म्हाइत हाय की मी पुण्याला वसंताकडं हाय. त्यानंच सांगून ठेवलंय लोकायला. माय सहाव्या मजल्यावर राहती, लिफ्टनं वरखाली करती म्हणून.

प्रभावती : दीड वर्ष झालं तुम्हाला इथं. खोटं पोरगा बोलला, अन् गोधडीत तोंड तुम्ही लपवता?

गोजरबाई : तुम्हाला न्हाई कळायचं. तुम्ही आपल्या पायानं आल्या. पेन्शन हाय तुमची.

प्रभावती : बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सुया टोचल्या, तेव्हा पेन्शन. आमच्या भीमनगरातही बोललेच लोक. म्हणे सिस्टरला सुनेनं हाकललं. बोला म्हटलं. मला इथं वेळेवर चहा मिळतो, कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही.

गोजरबाई : तुमच्यात चालतं. आमच्यात बारा एकराची मालकीण आश्रमात हाय म्हणलं की नातीची सोयरीक मोडती.

प्रभावती : कुणातच चालत नसतं, बाई. पहिल्यानं कुणीतरी शिव्या खाऊन चालू करावं लागतं.

गोजरबाई : तुम्ही जा जेवायला. मला भूक न्हाई.

प्रभावती : तुपातला शिरा आहे. आईची दुसरी पुण्यतिथी म्हणे. फोटोवाला आणलाय. आईच्या तसबिरीला हातभर लांब हार.

गोजरबाई : गिरिजाच्या तसबिरीला? हार?

प्रभावती : का? एवढ्या का दचकल्या?

गोजरबाई : सिस्टर, गिरिजा गोठ्यात मेली. बैलाशेजारी बाज टाकून दिल्ती तिची. दोन वर्षं. सून उंबऱ्यातूनच ताट लोटायची. पाठीला जखमा पडल्त्या, हळद मी भरायची. शेवटी कण्याचा घास बी मीच भरवला. हा बद्री रोज तिथूनच मोटरसायकल काढायचा. मान वळवली न्हाई कधी.

प्रभावती : आणि त्याला तोंड दाखवायची लाज तुम्हाला!

गोजरबाई : ...हात द्या. उठवा मला. लुगडं झटका मागून.

प्रभावती : अन् नातीची सोयरीक?

गोजरबाई : पाहील तिचा बाप. चला.

(व्हरांडा. पंगत बसली आहे. बद्रीनाथ शिरा वाढतो आहे.)

बद्रीनाथ : या या, माउली! बराबर रांगेत बसा. भाऊ, मी वाढताना घ्या फोटो, पातेलं दिसलं पाहिजे. घ्या आजी, शिरा... आँ? गोजरकाकू? तुम्ही तं पुण्याला गेल्त्या ना?

गोजरबाई : न्हाई. वसंतानं इथं आणून सोडलं.

बद्रीनाथ : अरारा! वसंतानं? काय जमाना आला! जन्म दिलेल्या मायला असं—

गोजरबाई : बद्री, फोटोवाल्याला जरा थांबव.

बद्रीनाथ : थांब रे! काकू, तुम्ही घोर करू नका. मी गावात बोलणार न्हाई. बिलकुल न्हाई.

गोजरबाई : मी कुठं मना करून राह्यले? मी बी इथं कुणाला बोलले न्हाई, तुझी माय कुठं मेली ते.

प्रभावती : मला बोलल्या. आत्ताच.

बद्रीनाथ : काकू... नवं दुकान, खर्चा, धावपळ... मला तवा काही सुधरलंच न्हाई.

गोजरबाई : वाढ. सांडू नको. तिनं मागितल्ता शिरा, शेवटच्या आठवड्यात. माझ्या घरात तवा रवा नव्हता. तुझ्या घरात होता.

बद्रीनाथ : (ताटात पळीवर पळी वाढत) घ्या, काकू. अजून घ्या.

गोजरबाई : पुरे. एवढा न्हाई खाववत.

बद्रीनाथ : काकू, मंग गावात काय सांगू?

गोजरबाई : पाहिलं ते सांग. सिस्टर, सरका जरा, मांडी घालू द्या मला.