कॅप्टन चुकला तर

हसू नका, पण लेकीची पायलटच्या नोकरीची मानसिक चाचणी झाली तवा पुण्याहून आणताना मी विचारलं, "काय विचारलं गं?"

"कॅप्टन सीनियर हाय, पण चुकतोय. तू नवी. काय करशील?"

"मग?"

"एकदा सांगीन, परत सांगीन. न्हाईच ऐकलं तर विमान हातात घेईन."

"अगं, नवी माणसं सायबाशी असं बोलत्यात व्हय? कंपनीत मी सव्वीस वर्षं नुसती मान डोलावली."

यवतला ढाबा मागं राहिला, म्हणून गाडी थांबवून राँग साईडनं वळवाय लागलो.

"आप्पा, राँग साईड हाय."

मी ऐकलं न्हाई.

"आप्पा, राँग साईड."

मी गिअर टाकला, तर तिनं किल्लीच काढून घेतली.

मी गुमान उतरलो, शेजारच्या सीटवर बसलो आन् घरी फोन लावला, "निकाल यायचाय अजून, पण पोरगी पास हाय."