देवाचा एडका

राही : ...आन् ही बगा. दाबलं की पानी येतंय खुरातनं. सकाळधरनं ही तिसरी. अजून मिरगाचा थेंब न्हाय, निसत्या दमट जमिनीनं ही गत. पाऊस लागला की उबी मेंढरं बसत्याल आन् बसल्याली उठायची न्हाईत.

भागोजी : मला दिसत न्हाय व्हय? आंधळा हाय का मी?

राही : दिसतंय तर उठा की! नामा भावजींचा वाडा, मान्सं-मेंढरं समदी, चैतातच घाट चढून गेला. ह्या म्हसळ्यापासनं दर्यापातूर धनगराचं दुसरं पाल तरी दावा मला. गावची मान्सं बगाय येत्यात आपल्याला, जत्रंत आल्यावानी.

भागोजी : अलीमियाँ बी तेच म्हनले सकाळी. म्हनले, भागोजी, मचवे वर ओढले, झापांनी शाकारले, वारा फिरला. तू कंची वाट बगतोस? शेत त्येंचं, मेंढरं बसली तर खत त्येंनाच. तरी जा म्हनतोय मानूस.

राही : तुमी काय म्हनला?

भागोजी : म्हनलं, सरकारानं ठिवलंय.

राही : सरकारानं! तुमच्या जिभंनं ठिवलंय. ढोरांचा डाक्टर खांद्यावर हात ठिवून म्हनला, भागोजी, तू शहाना मानूस. झालं! हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या मागं. मी तवाच म्हनलं हुतं, त्याचा सरकारी पांढरा एडका हितं दारात उबा हाय, मंग काचंची नळी कशाला?

भागोजी : अगं, येका एडक्याचं बी नळीत घेतलं की लई मेंढ्यांना पुरतं. दावलं की त्येंनी.

राही : दावलं. पुसात दावलं, आन् शिमग्यात त्यो एडका हितल्या उकाड्यानं पाय ताठ करून मेला. तवापासनं डाक्टर नळी लावल्याल्या ह्या तांबड्या टिळ्याच्या मेंढ्यांना आपल्या लेकीवानी जपतोय. त्येच्या लेकी! आन् माजी लेक?

भागोजी : नलूचं काडू नगं आता.

राही : का काडू नगं? दिस भरत आल्यात पोरीचं. पैलं बाळतपन आईच्या दारात व्हतंय का न्हाय? ती येऊन बसली असंल घरात, चुलीला जाळ न्हाय, आन् आई कुठं, तर कोकनात सायबाच्या मेंढ्यांची सुईन!

भागोजी : गप. ती बग, कडंची. पाय झाडती हाय. आजच यील वाटतं.

राही : बगितलीया मी. इवंल घडीभरात. तुमी का उबं ऱ्हायला? हात का जोडले?

भागोजी : बिरोबा, पांढरं दे रं बाबा. येवडं पांढरं दे.

राही : त्यात मागायचं काय? पांढऱ्या एडक्याचं पांढरंच व्हनार, डाक्टर तर छातीवर हात मारून सांगतोय. ...अवो. माज्याकडं बगा. का मागताय?

भागोजी : काय न्हाय.

राही : पुसात समदे एडके बांधले हुते ना?

भागोजी : बांधले हुते.

राही : समदे? त्यो काळा चांद्या बी?

भागोजी : त्येला कसा बांधू? बिरोबाच्या नावानं सोडल्याला एडका त्यो! त्येला दोरी लागत न्हाय, त्येची लोकर कातरत न्हाय, तुला काय ठावं न्हाय व्हय?

राही : अगं आई! आन् डाक्टरला सांगितलं न्हाय तुमी?

भागोजी : त्येंनी इचारलं, तुजे सगळे एडके बांधलेस का? म्हनलं, माजे समदे बांधले. खोटं बोललो का? त्यो माजा हाय का? देवाचा हाय.

राही : वा रं वा! देव बी खूश, डाक्टर बी खूश. मंग आता हात कशाला जोडताय? मी तर म्हनते काळंच यावं. काळं दिसलं की डाक्टर रागानं तोंड फिरवील, म्हनंल चालते व्हा. सुटलो आपन!

भागोजी : आन् बेड्या घालून न्हेलं मंजे?

राही : श्श. आलंच बगा डाक्टर. टोपी सरळ करीत.

गुप्ते : काय भागोजी! आज चेहरा असा का? कडेची मेंढी अडलीय की काय?

राही : अडली न्हाय. बगा, डोकं आलं. लांब सरा, सायेब, सावली पाडू नगा तिच्यावर. हां... ये गं बाय, ये... आलं.

(राही पदरानं कोकरू पुसते. गुप्ते वाकून बघतात.)

गुप्ते : ओलं आहे म्हणून काळं दिसतंय.

राही : पुसलंय मी, सायेब.

गुप्ते : परत पुसा.

राही : पुसून रंग जात आसता तर मीच गोरी झाली नसती का? काळं हाय. आन् कपाळावर चांद हाय.

गुप्ते : चांद. असा चांद कुठं तरी पाहिलाय मी. भागोजी! तो तिकडं करवंदीच्या जाळीपाशी उभा आहे तो एडका... त्याला पौषात कुठं बांधला होतास?

भागोजी : त्येला बांधत न्हाईत, सायेब.

गुप्ते : म्हणजे?

राही : त्यो देवाचा हाय. ह्येंनी ह्येंचे बांधले, देवाचा मोकळा ऱ्हायला. तुमी देवाचा इचारला न्हाय आन् ह्येंनी सांगितला न्हाय.

गुप्ते : अरे देवा! अरे, काय केलंस हे? रशियात लाखांनी मेंढ्या अशा गाभण राहतात. मी रात्रंदिवस पुस्तकं वाचली, स्वतःच्या हातानं नळ्या उकळल्या, वरिष्ठांना कळवून बसलो की सगळ्या मेंढ्या लागल्या! आणि लागल्या त्या तुझ्या बिरोबाला?

भागोजी : चुकलं, सायेब. पायतानानं मारा, पर पोलिस नगं.

गुप्ते : पोलिसांना काय सांगू? मला देवाच्या एडक्यानं फसवलं म्हणून? सगळं खातं हसेल रे! आधीच तो पांढरा माझ्या हातात मेला.

राही : सायेब, झालं त्ये झालं. तुमचं बी साधलं न्हाय, आमचं बी. आता आमाला सोडा. उद्या उजाडता वाडा उठवतो.

गुप्ते : नाही.

राही : काळंच आलं की! आता कशाला ठिवताय?

गुप्ते : एक काळं आलं म्हणून सगळी काळी येणार नाहीत. तुमचा एडका काही प्रत्येकीजवळ गेला नसेल. एखादीला माझी नळी लागली असेल. एक तरी, बाई. मोठे साहेब येतायत बघायला, त्यांच्यासमोर एक तरी पांढरं कोकरू उभं करता आलं पाहिजे मला.

राही : आन् पांढरं आलं की सोडनार?

गुप्ते : आलं की... आलं की ते जगवून दाखवावं लागेल. दूध सुटेपर्यंत.

राही : मंजी काळं आलं तरी ऱ्हायाचं, पांढरं आलं तरी ऱ्हायाचं. लई बेस! तुमच्या रशियात मिरगाचा पाऊस कसा पडतो, सायेब?

गुप्ते : टोमणे मारू नका. घाटातल्या नाक्यावर तांबड्या टिळ्याच्या मेंढ्या अडवायला मी आधीच सांगून ठेवलंय. आता मागं घ्यायला गेलो तर का म्हणून विचारतील. मी तरी कुठं जाऊ?

भागोजी : सायेब, माजा कळप मरंल वो. बापाचा, आज्याचा कळप हाय. खुरं कुजाय लागली.

गुप्ते : ...मग असं कर. टिळ्याच्या तेवढ्या इथं ठेव, बाकीचा कळप घेऊन जा. अलीमियाँकडं लाकडांची पडवी आहे, कोरडी आहे. तो माणूस नाही म्हणणार नाही. पण तुम्हा दोघांतलं एक जण थांबायला हवं. मला कोकरं सोडवता येतील, जगवता येणार नाहीत.

भागोजी : मी थांबतो.

राही : तुमी थांबताय? आन् घाट कोन चढंल? बिबट्याच्या रानातनं येवडा कळप घेऊन मी येकली जाऊ? तुमची शीळ वळखत्यात ती, माजी न्हाय.

भागोजी : पर नलू...

राही : नलूचं काडू नगा म्हनला हुता ना मगाशी? मंग काडू नगा!

गुप्ते : बाई, पावसाळा संपला की मी स्वतः तुम्हाला घाटाच्या तोंडापर्यंत...

राही : पावसाळा संपला की ह्येच परत खाली येत्याल, सायेब. धनगर दिवाळीला कोकनात उतरतो. मी वर जायची ती म्होरल्या चैतात.

गुप्ते : माझ्या... माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

राही : येऊन काय करनार हुता?

गुप्ते : अलीमियाँशी बोलून येतो. आणि भागोजी, तो काळा एडका आधी घेऊन जा. साहेबांच्या नजरेला पडता कामा नये. आजच हलव.

राही : ऐकलं का? ज्येनं केलं त्येला आज सुट्टी.

भागोजी : गेलं सायेब. राहे, माज्यावर थुकलीस तरी चालंल. पर बोल कायतरी.

राही : काय बोलू? मला रडू येतंय आन् रडाय सवड न्हाय, ती पलीकडची बी पाय झाडाय लागली. आयका. हळद आन् बाळंतशेपा मडक्यात हायेत, माळ्यावर, उजव्या अंगाला. वाकळ शिवल्याली हाय, नव्या लुगड्याची न्हाय, माज्या जुन्याची, मऊ हाय ती. नामा भावजींच्या कारभारनीला म्हनावं, पोरीपाशी नीज. आन् नलूला...

भागोजी : काय सांगू नलूला?

राही : म्हनावं, आईचा पाय मुरगळला. खरं सांगू नगा. मेंढ्यांसाटी आई आली न्हाय, ह्ये पोरगी जल्मभर इसरनार न्हाय.

भागोजी : ढग आलं दर्याकडनं.

राही : मंग निगा. टिळ्याच्या मी हाकते पडवीकडं. काठी ठिवून जावा येक.

भागोजी : त्यो बग, चांद्या. समदी वाटंला लागली तरी त्यो तितंच उबा. तुज्याकडं बगतोय. घाटातनं म्हागारी वळला तर? दोरी लावू का गळ्याला?

राही : नगं. त्येला कुनी बांधत न्हाय.