एक चाइल्ड, दोन चिल्ड्रन

(ओगबोमोशोची बाजारगल्ली. ईया इबेजी चवळीची भजी तळतेय. कमरेच्या लुगड्यात वीतभर लाकडी बाहुली खोचलेली. शेजारी स्टुलावर ओसागिए मास्तर.)

मास्तर: फूट?

ईया इबेजी: फीट.

मास्तर: बूट?

ईया इबेजी: बीट.

मास्तर: बूट्स.

ईया इबेजी: पायाला एक नियम आणि पायातल्या बुटाला दुसरा?

मास्तर: भाषा केली तेव्हा साहेबांनी मला विचारलं नव्हतं. शीप?

ईया इबेजी: शीप्स.

मास्तर: शीपच. एक असो की कळप.

ईया इबेजी: मग त्यांची मेंढरं हरवली तर कळतं कसं?

मास्तर: कळत नसावं. चाइल्ड?

ईया इबेजी: चिल्ड्रन.

मास्तर: शाबास. उद्या केहिंदेला शाळेत घालायला न्याल, तर मोठ्या बाई पहिलं हेच विचारणार, मुलं किती? सांगा.

ईया इबेजी: आय हॅव टू चिल्ड्रन.

मास्तर: वाक्य बरोबर आहे. पण… वन चाइल्ड म्हणा.

ईया इबेजी: टू.

मास्तर: अहो, तायवोच्या मातीला मी स्वतः होतो.

ईया इबेजी: तसं बोलू नका. जुळ्यातला एक गेला, तर तो बाजारात गेलाय, असं म्हणतात. तुम्ही बेनिनचे, आमची रीत ठाऊक नाही, म्हणून सोडून देते.

मास्तर: शाळेत खरं सांगावं लागतं.

ईया इबेजी: तुम्ही मला हाक काय मारता?

मास्तर: ईया इबेजी.

ईया इबेजी: म्हणजे?

मास्तर: जुळ्यांची आई.

ईया इबेजी: मग? गावानं हाक बदलली का? ही बाहुली म्हणजे तायवोच. रोज आंघोळ घालते, घाण्यातलं पहिलं भजं त्याला. आईनं मला मोजलं नाही, असं वाटलं तर तो केहिंदेला सोबतीला बोलावून घेईल. एकटा कधी झोपलाच नाही हो तो.

मास्तर: केहिंदेचा ताप?

ईया इबेजी: काल उतरला. म्हणून तर उद्या तोंडातून भलतं निघायला नको.

मास्तर: …बरं. टू चिल्ड्रन.

ईया इबेजी: टू चिल्ड्रन.

मास्तर: बाई विचारतील, दुसरा कुठंय?

ईया इबेजी: बाजारात गेलाय. ते शिकवा इंग्रजीतून.

मास्तर: ही हॅज गॉन टु द मार्केट.

ईया इबेजी: ही हॅज गॉन टु द मार्केट.

मास्तर: छान. आणि परत कधी येणार, असं विचारलं तर?

ईया इबेजी: तर म्हणेन, बाई, मला इंग्रजी इथपर्यंतच येतं.