पाचवं वर्तुळ

शायलो : परत वाच. हळू वाच. सकाळपासून घाट चढतोय नि उतरतोय, डोकं अजून वळणंच घेतंय माझं.

आयझादा : "घरात चार माणसं आहेत. ताटात वीस बोरसोक आहेत. सगळ्यांना सारखे वाटले, तर प्रत्येकाला किती मिळतील? चित्र काढ आणि तू कसा विचार केलास ते लिही."

शायलो : हात्तिच्या! एवढंच? वीस भागिले चार. किती?

आयझादा : चार.

शायलो : चार कसे, अगं? चार चोक?

आयझादा : सोळा.

शायलो : चार पंचे?

आयझादा : वीस.

शायलो : मग? प्रत्येकाला किती?

आयझादा : चार.

शायलो : अपा, तूच बघ बाई हिच्याकडे. माझ्याच्यानं होत नाही आता.

बुरुलचा : ओरडू नकोस. तुझा बाप आत झोपलाय. एरवी कानाशी ढोल वाजवला तरी त्याला ऐकू येत नाही, पण तुझं ओरडणं बरोबर ऐकू येतं. कोकरा, तू आधी चहा घे. आत्ताच तळलेत बोरसोक, गरम आहेत तोवर खा.

शायलो : चहानं भागाकार सुटला असता, तर आपलं सगळं गाव प्राध्यापक झालं असतं. आज हिच्या वर्गाच्या बाईंनी, सायरा एजेंनी, मला गाडीपाशी गाठलं. सगळे उतारू बसलेले, मी निघायच्या बेतात. म्हणाल्या, "शायलो, उद्या शेवटची परीक्षा. भागाकारात परत नापास झाली, तर मला तिला चौथीत घालता यायचं नाही." उतारू ऐकतायत. मागच्या बाकावरची एक बाई तर मानही हलवत होती, जशी काही हिची आत्याच.

बुरुलचा : आग लागो त्या नव्या पुस्तकाला. आमच्या वेळी पाढे पाठ करायचे, चुकलं की हातावर पट्टी, विषय संपला. आता म्हणे चित्र काढा, विचार लिहा. विचार ही काय लिहायची गोष्ट आहे?

आयझादा : आजी, सायरा एजे म्हणतात, उत्तरापेक्षा विचार मोठा.

शायलो : मग फुली कशावर मारली?

आयझादा : विचारावरच.

शायलो : घ्या! दाखव ते चित्र. इकडे, दिव्याखाली धर. ही गोल गोल काय आहेत?

आयझादा : माणसं. म्हणजे त्यांच्या वाट्या. हे आजोबा, मोठे म्हणून त्यांना पहिल्यांदा. ही आजी. हे तुम्ही. ही मी.

शायलो : झाले चार. आणि हे कोपऱ्यातलं, पाचवं?

आयझादा : ते केशिक.

शायलो : केशिक?

आयझादा : हो.

शायलो : अगं, केशिक म्हणजे लग्नाबिग्नाला गेलो की घरी राहिलेल्यांसाठी आपण बांधून आणतो ते. ते गणितात कुठून आलं?

आयझादा : गणितात पण जेवणच आहे ना? ज्याला येता आलं नाही त्याचा वाटा आधी बाजूला काढायचा, मग आपण खायचं. नाहीतर खाल्लेलं अंगी लागत नाही. आजीच सांगते.

बुरुलचा : सांगते. आता नाही कशाला म्हणू?

शायलो : थांब, थांब. ही मागची सफरचंदं. "तीन मैत्रिणी, बारा सफरचंदं." इथं तू तीन लिहिलंयस.

आयझादा : चौथी आजारी असेल.

शायलो : पुस्तकात लिहिलंय का, आजारी आहे म्हणून?

आयझादा : जी आली नाही तिचं पुस्तकात लिहीतच नाहीत, बाबा.

शायलो : अरे देवा! आणि ही पेनं? ही मेंढ्यांची कोकरं? सगळीकडे एक वाटा जास्त. अपा, ऐकलंस का? हिला भागाकार येतो! वर्षभर येतोय! मी आपला पाढे घोकून घेतोय, तिकडे त्या बाई हिला ढ म्हणतायत, आणि ही बसलीय न आलेल्यांची ताटं वाढत.

बुरुलचा : माझ्या नातीला ढ म्हणतात काय? उद्या मीच येते शाळेत.

शायलो : तू नको येऊस, चौथीचं राहू दे, तिसरीतूनही काढतील. हे बघ, आयझादा. पुस्तकात जेवढी माणसं सांगितली तेवढीच धरायची. न आलेल्याला धरायचं नाही. सोपं आहे. हे पाचवं खोड.

आयझादा : सफरचंदांचं खोडते. पेनांचं पण. हे नाही खोडणार.

शायलो : का?

आयझादा : हे आईचं आहे.

(शेगडीतला कोळसा खाली ढासळतो. शायलोला वाटतं, उठून तो सारखा करावा. पण तो बसूनच राहतो.)

बुरुलचा : सांग तिला, शायलो.

शायलो : आज नको, अपा. उद्या परीक्षा आहे.

बुरुलचा : परवा दुसरं काहीतरी असेल. तू रोज थकलेला असतोस, तिचं रोज काहीतरी असतं. पोर तो वाटा काढून ठेवत, वाट बघत मोठी होतेय.

आयझादा : मी वाट नाही बघत. वाटा बाबा पाठवतातच. बाबा बिश्केकच्या ड्रायव्हरला देतात, तो रशियाला जाणाऱ्या माणसाकडे देतो, मग आई खाते. झारकीनच्या लग्नातली मेंढीच्या शेपटीची चरबीपण पाठवली. हो ना, बाबा?

शायलो : चहा निवतोय तुझा.

आयझादा : हो ना?

शायलो : नाही, पोरी.

आयझादा : मग कुठं जातं सगळं?

शायलो : मी खातो. घाटमाथ्यावर गाडी निवायला थांबवतो, तेव्हा. अन्न टाकवत नाही आणि घरी परत आणवत नाही. म्हणून उतारूंकडे पाठ करून खातो.

आयझादा : चरबीपण?

शायलो : तीपण.

आयझादा : मग आईला काय मिळतं?

शायलो : तिकडे तिचं घर झालंय, बाळा. दुसरं घर. दुसरा माणूस. तुझ्यावर तिचा राग नाही. तू काही केलं नाहीस. पण ती आता इकडे यायची नाही. मला हे सांगता येत नव्हतं. जीव थकून जायचा नुसता.

आयझादा : नवरूझच्या सणाला?

शायलो : नाही.

आयझादा : उन्हाळ्यात, आपण मेंढ्या घेऊन वर कुरणात जाऊ तेव्हा?

शायलो : तेव्हाही नाही.

बुरुलचा : ये गं माझ्या कोकरा. ये, शालीत ये.

आयझादा : थांब, आजी. गणित राहिलंय.

शायलो : मरू दे ते गणित. बसेल माझी पोर तिसरीत आणखी एक वर्ष. मी बोलतो सायरा एजेंशी.

आयझादा : नको. खोडरबर द्या.

शायलो : राहू दे म्हणतो ना मी.

आयझादा : द्या ना, बाबा.

शायलो : घे.

आयझादा : खोडलं. आता तिचे चार उरले.

शायलो : हं.

आयझादा : ते आजोबांना एक. आजीला एक. तुम्हाला एक. मला एक. म्हणजे सगळ्यांना पाच-पाच.

शायलो : पाच. बरोबर.

आयझादा : आता विचार लिहायचाय. काय लिहू?

शायलो : लिही, वीस भागिले चार.

आयझादा : तो विचार नाही. तो नुसता भागाकार.

बुरुलचा : लिही, जे घरात आहेत तेवढेच मोजले.

आयझादा : "जे घरात आहेत… तेवढेच… मोजले." लिहिलं.

शायलो : शाब्बास. उद्यापण अस्संच लिहायचं. येईल ना?

आयझादा : येईल. परीक्षेत पाच लिहीन.

शायलो : माझी शहाणी ती. आता खा. हे घे, तुझे पाच.

आयझादा : मला चारच द्या.