परसातला चापडा

मंडळी, प्रश्न एकच आहे आणि सोपा आहे. दर्शन घ्यायला किती वेळ लागतो?

थांबा, उत्तराची घाई नको. तुम्ही म्हणाल, बुवा, ते गर्दीवर आहे! बरं, गर्दी नाही असं धरा. देव समोर, तुम्ही समोर, मागून ढकलणारं कोणी नाही. आता सांगा, किती? — दत्तूकाका पेटीवरून दोन बोटं दाखवतायत. दोन काय, काका? मिनिटं की तास? हं... बोटं खाली गेली! राहू द्या. आधी मोजणी करू, उत्तर मग पाहू.

ऐका. सह्याद्रीच्या माथ्यावर, कोकणात उतरणाऱ्या एका घाटाच्या तोंडाशी करपेवाडी नावाचं गाव. गावाबाहेरच्या रानात अंजनीचं झुडूप, एक. झुडपापासून आठ हातांवर सपाट कातळ, एक. कातळावर माणसं, दोन. दुर्बीण एक, वह्या दोन, पाण्याच्या बाटल्या तीन, छत्री एक. वेळ सकाळचे आठ चाळीस. आणि झुडपात साप – एक.

एक म्हणालो, बरं का! हा आकडा लक्षात ठेवा. हे आख्यान संपेपर्यंत तो दोनदा बदलणार आहे.

कातळावरची ही दोघं कोण? पहिला लवू धुरी. करपेवाडीचा गाईड. अकरा वर्षं लोकांना रान दाखवतोय. एका दिवसात कडा, धबधबा, जनावरं, पाखरं, मध्ये त्याच्या घरी जेवण, आणि सूर्य बुडताना परत. छातीवर गावच्या पर्यटन समितीचा पितळी बिल्ला. हा बिल्ला लवू रोज सकाळी राखेनं घासायचा. त्याची बायको शेवंती म्हणायची, एवढं तोंड घासलं असतं तर उजळलं असतं!

तर या बिल्ल्यावर संकट आलं होतं. मागच्या महिन्यात सात जणांचा एक गट आला. गाणी वाजवणारा डबा घेऊन रानात शिरला, दिवसभर वाजवला, आणि संध्याकाळी अभिप्रायाच्या वहीत लिहून गेला – काहीही दिसले नाही. आता तुम्हीच सांगा, तुमच्या दारात कोणी ताशा वाजवत आलं तर तुम्ही बाहेर याल, का आतून कडी घालाल? पण समितीनं डबा ऐकला नव्हता, समितीनं वही वाचली. लवूला बोलावून सांगितलं, असा आणखी एक अभिप्राय आला की बिल्ला जमा कर. दुसऱ्याला देऊ.

आणि पुढचा पाहुणा कोण? कातळावरचं दुसरं माणूस! मंदाकिनी टिपरे, राहणार कोल्हापूर. वजनमापे निरीक्षक होत्या, एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्या. टिपरेबाई बाजारात शिरल्या की तराजू आपोआप सरळ होत, अशी त्यांची ख्याती. त्यांनी फोन करून एकटीसाठी आख्ख्या दिवसाची सहल ठरवली आणि विचारलं, नक्की काय दिसेल? लवू बोलून गेला, चापडा नक्की दाखवतो.

नक्की! मंडळी, रानातल्या कुठल्याही जनावराबद्दल नक्की म्हणू नये. पण लवूला खात्री होती. चापडा म्हणजे हिरवा विषारी साप. हा एकदा फांदीवर बसला की दिवसच्या दिवस हलत नाही. लवूचा चापडा बारा दिवस त्याच अंजनीच्या त्याच फांदीवर होता. लवू रोज पहाटे येऊन बघायचा, आहे का? आहे. हजेरी घेऊन घरी!

तेराव्या दिवशी, म्हणजे बाई यायच्या त्या पहाटे, लवू आला. फांदी पाहिली. फांदी मोकळी.

लवूच्या डोळ्यांपुढं वही आली, समिती आली, बिल्ला दुसऱ्याच्या छातीवर दिसला. आणि मंडळी, माणूस घाबरला की त्याला अक्कल सुचते, पण कुठली? लवूला आपलं परस आठवलं. परसात पेरूचं झाड, आणि पेरूवर वानरं येऊ नयेत म्हणून शेवंतीनं जत्रेतून आणून टांगलेला साप. हिरवागार. रबराचा!

तो धावत घरी गेला, साप काढला, धावत आला, झुंजुमुंजू उजेडात फांदीला वेटोळं घालून बसवला. लांबून पाहिला. छान दिसला. पहिला आकडा बदलला, मंडळी. साप – शून्य.

लवूचा हिशोब असा, की बाई येतील, दोन फोटो काढतील, आणि आपण पुढच्या कड्याकडे. पाच मिनिटांचं काम! त्यानं अकरा वर्षांत एकही पाहुणा एका जागी पाच मिनिटांहून जास्त थांबलेला पाहिला नव्हता.

टिपरेबाई आल्या. त्यांनी दुर्बीण लावली. खाली घेतली, वहीत काही लिहिलं, पुन्हा लावली. मग कातळावर छत्री टेकवली, पदर खोचला आणि बसल्या. लवू म्हणाला, चला बाई, आता कड्याकडे जाऊ.

बाई म्हणाल्या, "हा कधी हलतो ते बघायचंय मला. हलल्याशिवाय मी उठत नाही."

हसू नका! लवूच्या जागी बसून बघा जरा. रबराच्या सापानं हलावं अशी वाट बघणारी बाई शेजारी, आणि दिवस आख्खा पडलेला!

लवूनं काय काय केलं? नऊला सांगितलं, धबधबा या वेळी फार सुंदर दिसतो. बाई म्हणाल्या, तो वाहतोच आहे, पळून जात नाही. साडेनऊला सांगितलं, इथं जळवा फार. बाईंनी पिशवीतून मिठाची पुडी काढली. दहाला सांगितलं, चापडा दिवसा झोपतो. बाईंनी लिहून घेतलं आणि विचारलं, मग उठतो किती वाजता? आता हे लवूला कुठं ठाऊक! तो म्हणाला, तसं... पोट भरलं असेल तर पंधरा दिवसही उठत नाही. बाई म्हणाल्या, असू दे, मी निवृत्तच आहे.

साडेदहाला लवूनं हळूच एक खडा उचलला. बाई दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाल्या, खाली ठेव. ठेवला.

मग लवूनं देवाचा धावा केला. देवा, निदान वारा सोड! देव कनवाळू. अकरा दहाला वाऱ्याची झुळूक आली, फांदी हलली, साप हलला! लवू उठून उभाच राहिला. बाईंनी लिहिलं: "११.१०. फांदी हलली. साप फांदीबरोबर. स्वतःहून नाही." लवू खाली बसला.

आणि त्याच्यावर कडी म्हणजे साडेअकराला एक बुलबुल आला आणि सापाच्या डोक्यावर बसला! बसला, अंग खाजवलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, एक शीट टाकली सापावर, उडाला. लवूच्या कानशिलांतून वाफ निघाली. तो म्हणाला, हा बुलबुल इथला नसावा.

पण मंडळी, इथं एक गंमत घडत होती. लवूचं तिकडे लक्ष नव्हतं, कारण लवू बिल्ल्यात अडकला होता. दोन माणसं एका कातळावर गप्प बसलेली. तास झाला, दोन तास झाले. रानानं काय केलं? रानानं त्यांना मोजणं सोडून दिलं. आधी खारी आल्या. मग शेकरू, तांबूस, शेपूट हातभर लांब, डोक्यावरच्या फांदीवर येऊन फळ सोलत बसलं, सालं बाईंच्या मांडीवर. नीलवंत फुलपाखरू छत्रीच्या मुठीवर. धनेशाची जोडी वरून गेली, पंखांचा आवाज कापडाचा तागा झटकल्यासारखा. आणि बाराला पाच कमी असताना समोरच्या सावलीतून पिसोरी आली. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण, सुपारीएवढे खूर, दिवसा सहसा नजरेस पडत नाही. लवूनं अकरा वर्षांत दोनदा पाहिली होती, तीही पळताना पाठमोरी. ही चालत आली. थांबली. पाय झाडून माशी उडवली. गेली.

बाईंनी श्वास सोडला आणि लिहिलं. लवूनं पिसोरी पाहिली, आणि त्याला रडू आलं. एवढं सगळं आपल्या कातळासमोर असतं, आणि आपण रोज लोकांना घेऊन पुढं पळतो!

एक वाजला. जेवायला कोणी येईना म्हणून शेवंती डबा घेऊन रानात आली. घावणे, उसळ. तोंडानं तक्रार चालूच, की सकाळपासून परसात वानरं शिरलीत, अर्धे पेरू संपवले, आज धीर कसा झाला मेल्यांना कळत नाही. डबा ठेवता ठेवता तिची नजर अंजनीवर गेली. मग नवऱ्यावर गेली. परत अंजनीवर. मंडळी, तिला एका क्षणात सगळं कळलं! बोलली किती? एक वाक्य.

"ह्यो आपल्या परसातल्यासारखोच दिसता, नाय?"

आणि निघून गेली. लवूनं हातातला घावणा परत डब्यात ठेवला.

दोन वाजले. अडीच वाजले. लवूच्या एका बाजूला बिल्ला, दुसऱ्या बाजूला ही बाई. दिवसभर उन्हात बसलेली, त्याचा शब्द धरून बसलेली. दोन चाळीसला त्यानं छातीवरचा बिल्ला काढला आणि कातळावर ठेवला.

"बाई, तो साप माझा आहे. परसातला. रबराचा."

बाईंनी घड्याळात पाहिलं. वेळ लिहिली. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "मला सव्वानऊलाच कळलं होतं. पोटाखाली साच्याचा जोड दिसतोय."

"मग बसलात कशाला?"

"एकतीस वर्षं मी हेच केलं, लवू. वजन खोटं आहे हे पहिल्या मिनिटात कळायचं. मी बसायची ती माणूस आपणहून कधी बोलतो ते बघायला. एका गुळाच्या व्यापाऱ्यानं सव्वाचार तास घेतले होते." त्यांनी वहीवर आकडेमोड केली. "तुझे पाच तास पंचवीस मिनिटं. त्याच्या पुढं गेलास."

लवूला हसावं की रडावं कळेना. तो उठला, झुडपाकडे गेला, साप काढायला हात वर केला —

"थांब. हात मागं घे. सावकाश."

बाईंचा हा आवाज कोल्हापूरच्या बाजारानं ऐकलेला होता. हात मागं आला.

"त्याच्या खाली बघ. एक वीतभर. उजवीकडची फांदी. मी साडेबारापासून बघतेय."

लवूनं पाहिलं. पानांत पान होऊन, हिरव्यात हिरवा, डोळ्यांतली बाहुली सुईसारखी उभी — खरा चापडा! गेला नव्हता. वीतभर सरकला होता. पहाटे लवूनं अंधुक उजेडात रबराचा साप बसवला, तेव्हा त्याचं मनगट खऱ्या सापापासून किती अंतरावर होतं, याचा हिशोब लवूच्या पायांनी केला. त्यांनी त्याला थेट कातळापर्यंत मागं आणलं. मंडळी, आकडा पुन्हा बदलला. साप – एक!

"अहो, मग सकाळपासून मला का नाही दिसला?" लवू म्हणाला. "मी गाईड आहे."

"तू सकाळपासून त्या झुडपाकडे एकदा तरी नीट बघितलंस का?"

नव्हतं बघितलं! वारा आला तेव्हा, बुलबुल बसला तेव्हा, ओझरतं काय ते तेवढंच. जिथं आपलं खोटं टांगलेलं असतं तिथं माणूस बघत नाही. कड्याकडे बघेल, ढगांकडे बघेल, बायकोच्या डब्यात बघेल, त्या फांदीकडे नाही.

लवूनं पहाटेचं सगळं सांगून टाकलं, तेव्हा बाईंनी आणखी एक विचारलं. पहाटे साप गेला असं ठरवलंस, तेव्हा झुडपाकडे किती वेळ बघितलं होतंस? लवूनं प्रामाणिकपणे आठवलं. आला, फांदी पाहिली, पळाला. बाईंनी त्याला ते पुन्हा करून दाखवायला लावलं आणि घड्याळ धरलं. चार सेकंद.

संध्याकाळी बाईंनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं: "जागा: एक कातळ. वेळ: ८.४० ते ४.१०. प्राणी, पक्षी, फुलपाखरे मिळून जाती बत्तीस, यादी सोबत. चापडा, रबरी, नग एक, हालचाल शून्य. चापडा, खरा, नग एक; ३.०५ ला मान वळवली. गाईडने २.४० ला आपणहून सांगितले. बिल्ला यालाच द्यावा." समितीनं ते दोनदा वाचलं. बिल्ला राहिला. अट एकच घातली, आणि तीही शेवंतीनं सुचवलेली: रबराचा साप पेरूवर परत जावा.

आता करपेवाडीला गेलात तर लवू तुम्हाला आधी त्या कातळावर बसवतो. तासभर. कड्याकडे नंतर.

तर मंडळी, आपण सुरुवातीला काय विचारलं होतं? दर्शन घ्यायला किती वेळ लागतो? लवू चार सेकंदांत म्हणाला, नाही. बाई खोट्या सापापुढं बसून राहिल्या, त्यांना खरा दिसला. आणि आपण? आपल्यापुढं तर खोटं काही नाही. आपण येतो, घंटा वाजवतो, डोळे मिटतो — बघायला आलो आणि डोळे मिटतो! — आणि घरी जाऊन म्हणतो, बुवा, एवढी वर्षं देवळात जातोय, देव काही दिसला नाही.

आज सकाळी सहा ते सात मी या देवळात त्या तिसऱ्या खांबाशी बसलो होतो. मांडीवर वही, हातात घड्याळ. घाबरू नका, नावं लिहिली नाहीत. दर्शनाला आलेली माणसं त्रेसष्ट. गाभाऱ्याकडे पाहण्याचा सरासरी वेळ, सात सेकंद. मागं वळून चपलांकडे पाहण्याचा, अकरा.