चौथ्या चालीचा घोडा

कशेळ्याला जीप भरेपर्यंत माझ्या मागच्या बाकावर बाप-लेक बोलत होते.

“अक्षदा, ते शेलूचं स्थळ नको गं. मोबाइलवर त्या पोराशी तीन मिनिटांचं बुद्धिबळ खेळलो. चौथ्याच चालीला एका प्याद्यासाठी घोडा देऊन टाकतो!”

“मुद्दाम देतो, आबा. समोरचा गोंधळतो, असं सांगत होता.”

“नीट खेळनारा नाय गोंधळत. असा मानूस उद्या संसारातलं काय काय देऊन टाकील?”

“तुमी घेतला घोडा?”

“घेनारच! दर डावाला घेतला.”

“मग जिंकलात?”

“तीन मिनिटांत येळ कमी पडतो गं.”

“किती डाव खेळलात?”

“अकरा.”

“आनि जिंकलात किती?”

“घोडे अकराच्या अकरा घेतले मी!”