सोवळ्यातली सवारी

बाइकच्या गचक्यांचं मला सांगू नका. मी आमच्या नानाकाकांना सोवळ्यात मागे बसवून काशीच्या गल्ल्यांतून मंगला गौरीहून पार अस्सी घाटाला नेलंय! काका भिक्षुक. त्या दिवशी अस्सीला एका घरी श्राद्ध होतं, उशीर झालेला आणि रिक्षा मिळेना. पंचगंगा घाटावर अंघोळ करून, रेशमी धोतर नेसून आले आणि म्हणाले, "बसतो तुझ्या मागे, पण मला शिवायचं नाही."

"काका, मी पुढे बघून चालवणार, शिवेन कसा? तुम्ही मला धरू नका म्हणजे झालं."

गल्लीतल्या फरश्यांवर माझी पाठ मोडायची वेळ आली, पण काका हाताची घडी घालून ताठ बसलेले. एका वळणावर सांड आडवा आला. मी ब्रेक दाबला, शेणावरून चाक घसरलं, आणि माझं डोकं भिंतीवर आपटणार तोच काकांनी पाय रोवून मला मागून मिठी मारली. बाइक आडवी, आम्ही दोघं उभे.

मला सुचलं काय, तर "काका, सोवळं मोडलं हो!"

काका मिठी सोडेनात. "सोवळं अस्सीवर एका बुडीत परत मिळतं. तू मिळाला असतास का, गधड्या?"

आता काकांचं सोवळं पिशवीत असतं आणि बाइक सुरू व्हायच्या आधीच त्यांचे दोन्ही हात माझ्या कमरेला. इतकं घट्ट धरतात की श्वास कोंडतो. पण "जरा सैल धरा" असं मी अजून एकदाही म्हटलेलं नाही.